चासीवरचा नऊ

बायको जाऊन आठ महिने झाले. लोक येतात, बसतात, ती किती कष्टाळू होती ते मलाच सांगतात. ती कशी होती ते मला ठाऊक आहे. मी कसा होतो ते कोणी काढत नाही, म्हणून मीच लिहितो.

पेट्रोल एकदम महाग झालं त्या सुमाराची गोष्ट. शिळफाट्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बांबू आणि वर पत्रे. कर्जतच्या एका वकिलांच्या गोठ्यात त्यांच्या वडिलांची विलायती गाडी म्हशींच्या शेजारी सडत होती. ती मी घेतली. पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं, मागचं धड कापून लांब केलं, समोरासमोर दोन बाकडी टाकली. शिळफाटा ते कर्जत शिटं, म्हणजे उतारू, भरायची, असा बेत होता. दोन वर्षं त्या गाडीत गेली.

चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, एक दांडा, नेमका नंबर होता तिथंच, गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते. तेवढा तुकडा मी गॅसनं कापून फेकला आणि नवं लोखंड जोडलं. कंपनीची पितळी पाटी तर गाडी गोठ्यात असतानाच कोणीतरी उचकटून नेली होती. मी पत्र्याची नवी पाटी कापली. आता दोन्हींवर नंबर ठोकायचा राहिला. एकेका आकड्याचा पोलादी पंच असतो, तो धरून वर हातोडा मारायचा. मी बायकोला म्हटलं, "बुकातला नंबर वाच गं, मी ठोकतो."

ती चौथी पास. माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त, आणि ते ती अधूनमधून ऐकवायचीही. तिनं गाडीचं बुक उजेडाला धरलं नि वाचलं, "तीन, शून्य, एक, दोन." मी ठोकत गेलो. पंचांवरचे इंग्रजी आकडे मला पान्यांमुळे पाठ होते. बुकात मात्र मी डोकावलो नाही. तिसरा आकडा इंग्रजी नऊ होता. तो आपल्या मराठी एकासारखा दिसतो, आणि बाकीचे तिन्ही आकडे मराठीतही जवळपास तसेच. तिनं सगळं मराठीत वाचलं.

पासिंगला गाडी खालापूरच्या मोटार कचेरीत न्यायची होती. ती धुतलेलं लुगडं नेसून मागच्या बाकड्यावर जाऊन बसली. "पयलं शीट माजं," म्हणाली.

इन्स्पेक्टर साहेबांनी चासीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. नंबरचा छाप उठला. तो त्यांनी बुकाशी लावून पाहिला.

"जुळत नाही. गाडी कुठली?"

"कर्जतची, साहेब. वकिलांची."

"नंबर कोणी मारला?"

"कंपनीनं. विलायतेत चूक झाली असंल."

साहेब हसले नाहीत. "विलायतेत काल मारला वाटतं. अजून चकाकतोय."

मी आणखी काही जुळवणार, तेवढ्यात ती खाली उतरली. "साहेब, ह्यांनी ठोकलाय. वाचला मी. चूक माजी हाय."

साहेबांनी गाडी कचेरीच्या आवारात अडकवून ठेवली. मी चार माणसांत तिच्यावर ओरडलो. "तुला कोनी इचारलं व्हतं गं? दोन वर्सं पान्यात घातलीस. चौथी पास म्हनं." ती एकटीच एस.टी. स्टँडकडं चालू लागली.

ती गेल्यावर मी गंजका दांडा कापल्याचं कबूल केलं. साहेब मला म्हणाले, "नंबर घरी ठोकायचा नसतो. आधी अर्ज करायचा, मग आमच्यासमोर ठोकायचा. बाई खरं बोलल्या, म्हणून तुला पोलिसांत देत नाही. कापलेला तुकडा आण. त्यावरचा नंबर बुकाशी जुळला तर बघू. नाहीतर गाडी भंगारात घाल."

त्या दिवसापासून अख्खा पावसाळा मी तिच्याशी बोललो नाही. ती ताट वाढायची, मी जेवायचो. "साहेब काय म्हनले?" असं तिनं दोन-तीनदा विचारलं. मी उठून बाहेर गेलो. तुकडा मी गॅरेजमागं शोधला, गवत उपटून शोधला, मग भंगारवाल्याचे ढीग उपसत बसलो.

भादव्यात ती बाजाराला गेली तेव्हा भंगारवाल्यानं तिला थांबवलं. "वैनी, मालकांना आता माज्याकडंच कामाला ठेवतो. रोज येऊन ढीग उपसतात. कसला चासीचा तुकडा पायजे म्हनं, कापलेला."

ती बाजार न करता परत आली. रांजण कलता करून तिनं खालचा लोखंडी तुकडा ओढला, पदरानं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. रांजण डुगडुगायचा, म्हणून उन्हाळ्यातच तिनं हा तुकडा गॅरेजमागून उचलून त्याला टेकू दिला होता. त्याच रांजणातलं पाणी मी रोज पीत होतो.

"ह्योच का?"

खालच्या अंगाला नंबर होता. गंजलेला, पण नऊ नीट दिसत होता. मी तुकडा फडक्यात गुंडाळला आणि निघालो.

साहेबांनी शब्द पाळला. चुकीचा आकडा खोडून आपल्यासमोर नऊ ठोकून घेतला, शेजारी कचेरीची खूण मारली, इंजिन आणि धड बदलल्याची बुकात नोंद केली. बरोबर नंबराची दुसरी पाटी रिबिटं मारून बसली. त्या गाडीनं पुढं बारा वर्षं आम्हाला पोसलं. पासिंग करून घरी आलो तेव्हा मी एवढंच म्हणालो, "च्या ठेव." तेवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं. तिनंही ओढून धरलं नाही.

एकदाच, बऱ्याच वर्षांनी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अवो, तवा मला नुसतं इचारलं असतं तर?"

"कामात व्हतो," मी म्हणालो.

कसलं काम? गाडी खालापुरात अडकलेली. तिच्या खरं बोलण्यानं मी पोलिसांच्या हातून सुटलो, हे साहेबांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते तिला कधीच सांगितलं नाही. आपल्या तोंडानं गाडी अडकली असंच ती समजत राहिली. शेवटच्या आजारात कोणी भेटायला आलं की पडल्या पडल्या सांगायची, "माज्या येका आकड्यानं ह्यांचं दोन वर्सांचं काम अडवलं व्हतं." आणि हसायची. मी तिथंच, खाटेजवळ बसलेला असायचो.