एका दाखल्यावर सगळे दात

मी सर्वांत जास्त कोणाचे देणे लागत असेन, तर मूल गावच्या शाळेतल्या माझ्या मास्तरांचे. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. मास्तर नसते तर मी धानाच्या बांधीतच राहिलो असतो. नोकरीत मी चोऱ्या पाहिल्या, खूनही पाहिले. पण पाहून हादरलो आणि मास्तरांना पत्र लिहायला बसलो, असे प्रकरण एकच. ते अजून मनातून उतरलेले नाही.

तेव्हा आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, जिल्हा मध्यप्रदेशात होता. वैनगंगेपलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. बाजाराचा दिवस होता. हवालदार कोंबडीचोरीची तक्रार लिहून घेत होते. तेवढ्यात गावोगाव फिरणारी बांगडीवाली दारात उभी राहिली.

"साहेब, कोंबड्याच शोधून राह्यले का? तळ्याकाठच्या वस्तीत जाऊन बायांचे तोंड पाहा."

"काय झालं बाई?"

"बांगड्या भरताना बाया हसतेत, ओरडतेत. तिथं चार जणी पदर तोंडात कोंबून बसल्या. एकीलेही दात नाई. आन् म्हाताऱ्या नाई जी, पोराबाळाच्या बाया आहेत!"

हवालदार म्हणाले, "साहेब, शहरात कवळ्या करणारे खरे दात विकत घेतात म्हणे." मलाही तेच खरे वाटले. दोन शिपाई घेऊन निघालो.

वस्ती तळ्यात मासे धरणाऱ्यांची. बांगडीवाली खोटे बोलली नव्हती. लेकुरवाळ्या, तरण्या बाया, आणि गाल आत गेलेले. त्यांतली एक खाटेवर तापाने फणफणत होती. तिचा जबडा इतका सुजला होता की एक डोळा मिटला होता. घरभर पू आलेल्या जखमेचा वास होता.

"कोणी केलं हे?" मी तिच्या नवऱ्याला विचारले.

"सरकारनं," तो हात जोडून म्हणाला. "फुकट केलं साहेब. लय उपकार झाले."

तक्रार कोणाचीच नव्हती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी होती. कंपाउंडरच सारे पाहत असे. त्याला ठाण्यात आणले. त्याच्या खोलीची झडती घेतली. तिथे एक दातही मिळाला नाही, पैसाही नाही. मी टेबलावर हात आपटून विचारले, "चांगले दात काऊन उपटले? कोणाला विकले?"

तो रडायलाच लागला. "विकले नाई साहेब. दात त्या घरी घेऊन गेल्या. मले दात काढताच येते, भरता येत नाई. मी एकच काढतो म्हटलं. त्या उठतच नव्हत्या. ओसरीवर मुक्काम ठोकला. म्हणे, सारे काढा, मंगच जातो."

"का?"

"ते त्याईलेच विचारा."

परत वस्तीत गेलो. आजारी बाईला बोलवत नव्हते. तिची जाऊ पदराआडून बोलली. तिचेही दात गेलेले, शब्द नीट फुटेनात.

"फुकट दवा पायजे त पाटलाचा गरिबीचा दाखला लागते. दाखला एकाच खेपेले चालते. आन् दाखल्यासाठी चावडीपुढे घरची सारी भांडी नेऊन उपडी करा लागते. दाणा पडला त गरीब नाई. सारं गाव पाहाते. माही भांडी उपडी केली त बाया हसल्या साहेब. एका दातासाठी एक डाव केलं. उद्या दुसरा किडला त? बत्तीस डाव कोन करन?"



पाटलाला बोलावले. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. "खोटे गरीब सरकारची दवा लुटतेत. माझा बापही असाच तपासत होता," तो म्हणाला. भांडी उपडी करायला लावणे हा कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो, ते मला पुस्तकात सापडले नाही. मी तहसीलदारांना रिपोर्ट केला, एवढेच माझ्या हाती होते.

पण बाई मरणाच्या दारात होती. चांद्याच्या इस्पितळात न्यायचे म्हटले, तर तिने खाटेची दोरी घट्ट धरली. पुन्हा दाखला, पुन्हा चावडी. मरेन पण जाणार नाही, असे तिने मानेनेच सांगितले.

एक वाट होती. पोलिसांनी पाठवलेल्या जखमीला इस्पितळात दाखला लागत नसे. मात्र त्यासाठी गुन्हा नोंदवायला हवा, आणि गुन्ह्याला आरोपी हवा. ठाण्यात परतून मी कंपाउंडरकडे पाहिले. तो समजला.

"लिवा साहेब माझं नाव. चिमटा त माह्याच हातात होता."

मी लिहिले. दाखला लागणार नाही हे कळल्यावर बाईने खाटेची दोरी सोडली. नवऱ्याने डोंग्यातून नदी पार करवली, पलीकडून लाकडाच्या ट्रकात घालून तिला चांद्याला नेले. जबड्याचे हाड थोडे कापावे लागले, पण ती वाचली. पुढे कंपाउंडरवरचा खटला टिकला नाही.

गुन्हा दिसला की फायदा कोणाचा झाला ते आम्ही पोलीस आधी पाहतो. इथे कोणालाच काही मिळाले नव्हते, तरी चार तोंडे रिकामी झाली होती. माणूस लाज वाचवायला स्वतःचे काय काय उपटून देईल, याचा अंदाज मला त्या दिवसापर्यंत नव्हता.

तिला इस्पितळात पाहून परतलो त्याच दिवशी मास्तरांना लिहिले:

"ती. मास्तरांस शि. सा. न.
माझ्या फीमाफीच्या अर्जावर तुम्ही सही केलीत, तेव्हा आमच्या घरात काय आहे हे वर्गात विचारले नाहीत. वडिलांनाही शाळेत बोलावले नाहीत. ते न विचारणे किती मोठे होते, हे मला आज कळले. इथली एक बाई चांद्याच्या इस्पितळात बरी होत आहे. आज तिने पेज घेतली. मग मला विचारले, 'साहेब, आता कोनाले भांडी दाखवा लागन?' मी म्हणालो, 'कोणालाच नाही.' मास्तर, हे मी खरे बोललो की खोटे, मला ठाऊक नाही.
आपला विद्यार्थी"