कावेरीचा दहा वर्षांचा भाडेपट्टा

कावेरी ही काही गोड बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती गेल्यापासून आरोंद्यात जो तो तिच्याबद्दल तोंड भरून बोलतो, आणि जिवंतपणी हेच लोक तिच्या नावाने बोटं मोडत. खाडीच्या बंदरावर तिची खाणावळ होती. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायचो. दुसऱ्यांदा भात मागितला की ती वाढायची, पण वाढता वाढता माझ्या खादाडपणाचा उद्धार व्हायचाच. तरी होडीवाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिथेच जेवत. तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार तिच्यासारखं दुसरं कोणी करत नव्हतं, आणि त्यासाठी चार शिव्या खायला कोणाची ना नव्हती.

तिचा नवरा गलबतावर तांडेल होता. तो समुद्रात गेला. त्याचं दिवसकार्य उरकलं आणि दिराने तिचं गाठोडं अंगणात आणून ठेवलं. हे घर आमचं, तू आता माहेरचा रस्ता धर, एवढंच तो म्हणाला. माहेरी कोणी नव्हतं. तेव्हापासून कावेरीच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की पुन्हा कोणाच्या तोंडच्या शब्दावर घरात राहायचं नाही.

म्हणून बंदरावरचं सत्यवानाचं घर भाड्याने घेताना ती त्याच्या मानगुटीवरच बसली. सत्यवान मुंबईला गोदीत नोकरीला. घर वर्षानुवर्षं बंद, आत वटवाघळांचा सुकाळ. त्याला कोणीतरी दिवा लावणारं हवंच होतं. तो म्हणाला, काकी, कागद कशाला, तुम्ही काय परक्या आहात? ती म्हणाली, परकीच आहे. सावंतवाडीला जाऊन तिने स्टँपवर पट्टा करून घेतला. छप्पन ते सहासष्ट, दहा वर्षं. अंगठा उठवल्यावर तिने म्हणे लिहिणाऱ्याला तो कागद तीनदा वाचायला लावला होता. खाणावळीत कोणी जरा आवाज चढवला की ती म्हणायची, सहासष्टपर्यंत मला इथून हलवणारा अजून जन्माला आलेला नाही.

एकसष्टच्या अखेरीला गोवा मोकळा झाला आणि तिच्या दुर्दैवाला सुरुवात झाली. सरहद्दीवरची अडवाअडवी संपली, खाडीपलीकडून माल यायला-जायला लागला, आणि ज्या घराकडे कुत्रंही फिरकत नव्हतं त्याच्यावर सावंतवाडीच्या हरिश्चंद्र शेटची नजर गेली. त्याला तिथे वखार घालायची होती. सत्यवान शिमग्याला गावी आला तो मनातल्या मनात घर विकूनच आला. आधी तो गोड बोलला. काकी, तुम्हाला दुसरीकडे खोली बघून देतो. कावेरीने त्याला सार-भात वाढला आणि सहासष्ट साली ये म्हणून सांगितलं.

मग त्याने आपले गुण दाखवले. दुरुस्तीच्या नावाखाली स्वयंपाकघरावरचे नळे, म्हणजे कौलं, काढले आणि ते परत चढवायला माणूसच येईना. कावेरी वर माडाची झापं टाकून रांधत राहिली. मागच्या विहिरीचा रहाट मोडला. ती हाताने दोर ओढून पाणी काढायला लागली, तळहात फुटून सालं निघाली, पण त्यावर हळद लावून तिने वाढणं चालूच ठेवलं. हरिश्चंद्र शेट एकदा येऊन बघून गेला आणि सत्यवानाला म्हणाला, आत ही बाई असेपर्यंत मी घर घेणार नाही. मला घर हवंय, कोर्टाची पायरी नको.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. घरात जो दिवा लावतो त्याने वर्षातून एकदा या राखणदाराला कोंबडा आणि वडे द्यायचे, याला राखण म्हणतात. गावचा घाडी त्याच्यापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरवाल्याच्या वतीने देवाशी बोलतो. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की ते वाक्य सगळ्यांचं झालं. कळायला लागल्यापासून हे म्हणत आल्यामुळे कोणी फारसं ऐकत नाही. घाडीचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. आणि बहुतेकांचं लक्ष चुलीवरच्या टोपाकडे असतं.

कावेरी दर माघात राखण द्यायची. त्रेसष्टच्या माघात सत्यवान खास मुंबईहून आला आणि कोंबडा त्यानेच आणला. चांगला तुरेवाला. हरिश्चंद्र शेटही आला होता. आम्हाला वाटलं, समेट झाला. कावेरीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि कोणालाही शिवी दिली नव्हती.

मागच्या फणसाखाली राखणदाराचा पाषाण होता. गंगाराम घाडी हातात नारळ घेऊन उभा राहिला. आम्ही पंधरा-वीस माणसं भोवताली, कावेरी पदर घेऊन, हात जोडून मागे. गंगारामाने सुरू केलं.

"बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! कावेरीन वर्साप्रमाण तुका राखण दिल्यान हा, ती मान्य करून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आजपासून ह्या घर तिणा आपखुशीन हरिश्चंद्राच्या स्वाधीन केल्यान हा. तिका मोकळी कर, आणि तेका वळख दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज कावेरीचा होता, राखण तिची म्हणून. गंगारामाने लगेच नारळ फोडला. मग कोणाचं तरी डोकं चालायला लागलं आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कावेरीचे हात जोडलेलेच होते. ती पुढे आली आणि गंगारामाला म्हणाली, "काय सांगलंस तू?"

गंगाराम तिच्याकडे बघेना. "सांगलंय ता सांगलंय. तू व्हय म्हटलंस."

त्या गंगारामाला सत्यवानाने काय दिलं होतं कोण जाणे, पण धोतरजोडी नवी होती. कावेरी स्वयंपाकघरात गेली. आता ती कोयता घेऊन येणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, यावी असंही वाटलं. ती वड्यांची टोपली घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांना वाढायला लागली. सत्यवानाने दोनदा मागून घेतलं.

मला राहवेना. तिला जवळजवळ ओढतच मी सावंतवाडीला वकिलाकडे नेलं. वकिलाने पट्टा वाचला आणि हसून म्हणाला, "बाई, तीन वर्षं तुम्हाला कोणी हात लावू शकत नाही. घर विकलं तरी नवीन मालकाला तुमचा पट्टा पाळावाच लागेल. दगडापुढे कोण काय बोललं ते कोर्ट विचारात घेत नाही." मला तर त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. कावेरीने एवढंच विचारलं, कोर्टात मला काय म्हणावं लागेल? वकील म्हणाला, मी घर सोडायला कबूल झाले नव्हते, एवढं एक वाक्य.

परतताना आम्ही मोटारीने आरोंद्याला आलो. उतरल्यावर ती म्हणाली, "मास्तरानू, कागद खरो आसा, माका ठावक आसा. पण राखणदारासमोर व्हय म्हटलंय आणि कोर्टात जावन नाय म्हणू? तो माझ्या जिभेर बसलेलो आसा."

मी तिच्यावर ओरडलो. तुला फसवलं, तुझ्या तोंडून काढून घेतलं, तो पाषाण आहे की सत्यवानाचा कारकून, असं वाट्टेल ते बोललो. ती ऐकून घेत होती. दिराने गाठोडं बाहेर टाकलं तेव्हा जी बाई कागदाशिवाय कोणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून उठली, तिला शेवटी कागदाने काही दिलं नाही, कारण तो वापरण्याची हिंमत तिच्या अंगात नव्हती. तिचा मला भयंकर राग आला. अजून येतो.

शिमग्याआधी तिने घर सोडलं. हरिश्चंद्राने विकत घेतलं, सत्यवान मुंबईला गेला. कावेरी एका शेतकऱ्याच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, गवताच्या भाऱ्यांशेजारी राहायला लागली. दिलेल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आणि पोट तर भरायला हवं. बंदरावर रांधणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून वखारीचं काम सुरू झाल्यावर हरिश्चंद्राने गवंड्यांच्या जेवणासाठी तिलाच कामाला ठेवलं. ती अंगणात तीन चिरे मांडून रांधायची. मी तिथेच जेवायला जायचो.

आश्विनात एके दिवशी दुपारी वादळी पाऊस आला. गवंडी, शेट, मी, सगळे पडवीत धावलो. शेट काही राक्षस नव्हता. त्याने हाक मारली, "आत ये गो कावेरी, भिजतंस कित्याक?" ती आली नाही. भाताचा टोप तिने पडवीच्या उंबऱ्याशी आणून ठेवला, आणि स्वतः बाहेर पागोळ्यांखाली डोक्यावर सूप धरून उभी राहिली. माणसं एकेक करून ताट पुढे करत होती, ती दुसऱ्या हाताने बाहेरून वाढत होती. पाण्याने तिचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. आम्ही आत बसून जेवत होतो.

शेटने टोपात वाकून बघितलं. "गो, भातार पाणी पडता," तो म्हणाला. "ता सूप भातार धर."

कावेरीने डोक्यावरचं सूप काढलं आणि भाताच्या टोपावर धरलं.