लाल लाखेखालची भेग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. देवळात कुमसारला, पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकून फादरांना शिव्या, दारू, एकदा भावाच्या कानाखाली काढलेला जाळ — सगळं सांगितलं. एवढं एक गिळलं.

सातिवलीत माझा लाकूड कातायचा गाळा आहे. फुलदाण्या, वाडगे, डबे. मशीनवर लाकूड फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घासून लाख वितळते, लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घोटायची. हे काम मी बस्त्यावला शिकवलं. बस्त्याव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फिलूचा नवरा. पाचूबंदरचा. होडीवर मन रमेना म्हणून माझ्याकडे आला.

आणि तीन वर्षांत माझ्या पुढे गेला. त्याचा लाल आणि पिवळा जिथे भेटायचा तिथे नखालाही सांधा लागत नसे. गिऱ्हाईक माझ्याच गाळ्यात, माझ्याच तोंडावर विचारायचं, ते लाल कामवाले कुठायत? मी हसायचो. आत — खोटं कशाला बोलू — त्याचं डोकं मशीनवर आपटावंसं वाटायचं. पटाशीला धार लावताना मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचो. घरच्या माणसाचा एवढा राग येतो? मला येत होता. रोज.

त्या दिवशी शिरीषाच्या लाकडाचा मोठा वाडगा मी बाहेरून कातला आणि काठापासून बुडापर्यंत भेग निघाली. असं लाकूड सरळ गाळ्यातल्या चुलीत घालतात. फिरताना फुटलं तर दगडासारखं अंगावर येतं. मला ठाऊक नव्हतं? पंचवीस वर्षं हेच करतोय. मी लाल कांडी घेतली. भेगेत लाख दाबून दाबून भरली, वरून लाल चढवला, पान फिरवलं. भेग दिसेनाशी झाली. इतका सुरेख लाल माझ्या हातून आधी कधी उतरला नव्हता.

आमच्या कामात एक रीत आहे. दुसऱ्याच्या हातचं लाकूड लावण्याआधी बोटाने ठोकून ऐकायचं. फुटकं असलं तर आवाज बद्द येतो. बस्त्याव सगळ्यांचं ठोकायचा, फक्त माझं नाही. माझं ठोकलं तर माझा अपमान होईल असं त्याला वाटायचं. हे मला माहीत होतं — त्यावरच तर सगळं होतं.

आतून कोरून दे, म्हणालो. मनाला सांगत होतो, फार तर वाडगा फुटेल, गिऱ्हाइकांपुढे त्याचं नाक कापलं जाईल. मग त्याने मशीन चालू केल्यावर मी दोन पावलं बाजूला का सरलो?

फुटला. अर्धा वाडगा त्याच्या तोंडावर बसला. डावा डोळा जागीच गेला, गालाचं हाड आत घुसलं. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी तोंड धरून, आणि बोटांतून रक्त भुसकटात पडत राहिलं. मशीन फिरतच होतं. मी ते बंद केलं नाही. आधी त्याच्याकडेही धावलो नाही. आधी तुकडे गोळा करून चुलीत टाकले. लाख जळायला लागल्यावर मग शेजारच्या गाळ्यात हाका मारल्या.

हॉस्पिटलात पट्टीखालून तो फिलूला म्हणाला, "दादाचा काय दोस नाय गो. मीच ठोकून आयकलं नाय." फिलूने माझे हात धरले, वेळेवर आणलंस म्हणून रडली. मी तिला रडू दिलं.

चार महिन्यांनी तो कामावर आला. एका डोळ्याने खोलीचा अंदाज लागत नाही, म्हणून कोरत नाही. फक्त रंग लावतो. इतरांचं लाकूड आता दोन-दोनदा ठोकतो, कान लावून ऐकतो. काल मी त्याला एक डबा दिला. तो त्याने तसाच मशीनवर चढवला, चांगला डोळा जवळ नेला आणि बटण दाबलं.