एका मापाच्या दोन पँटी

शिंप्याच्या गळ्यात टेप असायची आणि डोळ्यांत साडू सलत असायचा. साडू रंगारी. जन्म शिडीवर गेला, पण कंबर लग्नात होती तेवढीच. दरवर्षी त्याचं माप घ्यायचं शिंप्यानेच, आणि टेप दरवर्षी त्याच रेघेवर थांबायची. शिंप्याला ती टेपच फितूर वाटे. त्याचं स्वतःचं पोट मात्र दोन घास खाल्ले की टम्म.

खाण्याची तऱ्हाही शिंप्यालाच शोभणारी. कापडाचा सुटा दोरा खपत नाही, तशी फळाची सालही खपत नाही. सफरचंद सोला, काकडी सोला, पालेभाजीचे देठ उडवा. साडू तेच सफरचंद सालीसकट कचाकचा संपवायचा.

"भाऊजींचं पोट बघा, फळीसारखं सपाट," बायकोने एकदा टोचलंच.

साडूच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि दोघांना एकाच कापडाच्या पँटी शिवायच्या होत्या. शिंपी पेटला. "दोन्ही त्याच्याच मापाच्या कापतो! लग्नात घालून मिरवलो नाही, तर टेप गळ्यात घालणार नाही!" आणि पठ्ठ्याने कापल्याही. उसवून सैल करायला आत बोटभर कापड ठेवलं नाही.

आता पोट उतरवायचं कसं? साडूला विचारायचं? छे, नाक कापलं जाईल! साडूच्या स्वयंपाकघरात भिजत घातलेला लाल राजमा मात्र त्याने हेरला होता. हेच ते गुपित! त्यानेही वाटीभर भिजवला आणि कच्चाच चावून खाल्ला. शिजवला की गुण उडून जातो, हे त्याचं घरगुती शास्त्र.

दुपारपर्यंत उलट्यांनी त्याचा पिळा झाला. दवाखान्यात नेलं कोणी? साडूनेच.

"कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, ते आतड्याच्या अस्तराशी भांडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अस्तर शिंप्याला बरोबर कळलं. "भिजवा, ते पाणी फेका, मग खळखळ उकळून मऊ शिजवा. मग तोच राजमा पोटाचा मित्र."

"हे तर सगळं सोलून खातात," साडूने चुगली केली.

"अहो, सालीतला चोथा आणि रंगद्रव्यं म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं जेवण! पण हळूहळू वाढवा, नाहीतर पुन्हा फुगाल."

"साडूभाऊ, घरात भाडेकरू ठेवलेत आणि उपाशी मारताय!" साडू हसला. ते हसू शिंप्याला उलट्यांपेक्षा जास्त झोंबलं.

लग्नाच्या सकाळी त्याने श्वास रोखून पँट चढवली. बटण लागलं! हॉलभर तो छाती काढून हिंडला. तेवढ्यात त्याला नवरीचा बाप दिसला. पँट घोट्याच्या वर, मोजे उघडे!

"साडूभाऊ, हॉलमध्ये पाणी शिरलंय का? पँट वर घेतलीत ती!"

साडू नुसता हसला आणि पाहुण्यांकडे वळला. बायकोने मात्र कोपर मारलं.

"जीभ आवरा. तुम्ही झोपलात तेव्हा मी टेप लावून बघितली. बटण लागणार नव्हतं. मागून पट्टी घातलीय."

"कापड कुठलं?"

"भाऊजींनी आपल्या पँटीचे पाय खालून कातरून दिले. म्हणाले, पोरीच्या लग्नात तिच्या काकांचं हसं नको."

शिंप्याचा हात मागे गेला. पट्टी लागली हाताला. आजवर तो साडूच्या कंबरेवर जळत होता, आता त्याच्या चांगुलपणावरही जळायचं आलं. टेबलावरचं सफरचंद त्याने उचललं, सुरीकडे पाहिलंही नाही, आणि साडूकडे डोळे वटारत सालीसकट कचकन चावलं.