यालमार नूर्बीचा धुक्यातला गोल

यालमार नूर्बीने आमच्या बोर्गोलेन्ता गावाच्या फुटबॉल संघासाठी आठ हंगामांत एकशे त्रेचाळीस गोल केले. आकडा मी सांगतोय, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही आणि गावातले बाकीचे फुगवून सांगतील. फाउस्तो न्हावी तर दोनशेच्या खाली उतरतच नाही. मी मोची. चिखलात पाय घसरू नये म्हणून त्याच्या बुटांच्या तळव्याला चामड्याच्या गुट्ट्या मी ठोकल्या, माझ्या माडीवरची खोली त्याला मी दिली, तेव्हा माझं ऐका.

एकोणपन्नासच्या सप्टेंबरात तो आला. स्वीडनहून चार गाड्या बदलून, लाकडी पेटी घेऊन. तेव्हा मोठमोठे संघ तिकडचे गोरे, उंच पोरगे आणत होते आणि आमच्या अध्यक्षांनाही तो सोस लागला होता. संघ आमचा तिसऱ्या वर्गातला, पण मिजास पहिल्या वर्गाची. स्टेशनवरून मी त्याला घरी आणला, तर माझी बायको देल्मिना त्याला नखशिखांत बघून म्हणाली, "हा पलंगात मावायचा नाही. पाय खिडकीतून बाहेर काढू दे याला." शेवटी पायथ्याशी द्राक्षांचं खोकं लावलं, त्यावर उशी ठेवली. आठ वर्षं तो तसाच झोपला.

झोप हा त्याचा खरा गुण. मैदानातसुद्धा तो झोपेत चालल्यासारखाच चालायचा. पहिल्या सामन्यात ऐंशी मिनिटं तो नुसता उभा होता. हात लोंबत, नजर नदीकडच्या चिनारांवर. लोकांनी त्याला सोलून काढला. "अरे लंबू, कॉफी आणू का?" "उठवा रे त्याला, गाडी चुकेल त्याची!" अध्यक्षांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती. मग एक्क्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला, लंबूने मान जराशी वळवली आणि चेंडू जाळ्यात. तो पळाला नाही, नाचला नाही. जागा झाल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि परत चिनारांकडे तोंड केलं.

मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं रे, चेंडू कुठे येणार ते?"

"बघत नाही मी," तो म्हणाला. "ऐकतो. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार. अंधारातच खेळायचो. बर्फावर चेंडू कुरकुरत येतो."

त्या हंगामात चोवीस गोल. पुढच्यात एकवीस. बाजारात बायका त्याच्या पिशवीत फुकट सफरचंदं टाकायला लागल्या आणि देल्मिनाला त्याचा राग यायला लागला, कारण पिशवी तिची होती.

पण दर रविवारी सकाळी तो माझ्या दुकानात खालच्या स्टुलावर बसून बापाला पत्र लिहायचा आणि बापाचं उत्तर कधी यायचं नाही. चार वर्षांत एक नाही. आई लहानपणीच गेलेली. बाप, ईसाक, उत्तरेकडे लाकूड कापायच्या गिरणीत करवतीवर. त्या गावात फुटबॉल म्हणजे काम संपल्यावर करायची गोष्ट, प्रार्थनेला गेल्यावर गातात तशी. त्याचे पैसे घ्यायचे? यालमारने पैसे घेतले, म्हणून देशाच्या संघाचं दारही त्याला बंद झालं. तिकडचा तेव्हाचा नियमच तसा होता. बापाने त्याला निघताना सांगितलं होतं, "पैसे घेऊन खेळणारा माणूस भाड्याचा. भाड्याच्या माणसाचं कुणी नसतं." हे मला यालमारने सांगितलं ते हसत, पण हसताना पत्राची घडी त्याने तीनदा घातली.

त्रेपन्नच्या नोव्हेंबरात कार्ड आलं. शनिवारी येतो, रविवारी तुझा सामना बघतो, सोमवारी आपण दोघं परत जाऊ. गिरणीत जागा बोलून ठेवली आहे. दोन तिकिटं काढली आहेत.

"जाणार तू?" मी विचारलं.

"त्यांनी आणखी एकदा माझ्याकडे पाठ फिरवली, तर मला नाही सोसणार, एर्मेते," तो म्हणाला. "म्हणाले चल, तर जाईन."

म्हातारा आला. पोराइतकाच उंच, पण वाळलेला, उजव्या हाताला तीनच बोटं. शनिवारी दुपारी देल्मिनाने लाल भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली केल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या. म्हाताऱ्याने एक खाल्ली, थांबला आणि पोराला काहीतरी विचारलं.

"हे गोड का आहे म्हणतात," यालमार म्हणाला.

"भोपळा आहे म्हणावं, औषध नाही. गिळ म्हणावं." मग देल्मिनाच ओशाळली. "हे नको सांगूस. खा म्हणतेय, एवढंच सांग."

म्हाताऱ्याने पाच खाल्ल्या. मग उठला. पोराच्या खोलीत गेला, पायथ्याचं खोकं बघितलं, उशी दाबून बघितली आणि खाली आला.

आता माझी अक्कल ऐका. मी रात्रभर विचार करून ठरवलं, की म्हाताऱ्याला एक गोल दिसला पाहिजे. एक गोल आणि त्यानंतर गाव काय करतं ते. मग कुठला बाप पोराला करवतीवर नेईल? पण सकाळी दार उघडलं तर समोरचं चर्च नाही. नदीवरून धुकं चढलं होतं आणि गावात येऊन बसलं होतं. घंटा वाजली ती कुठल्या दिशेने तेही कळेना. माणसं भिंतीला हात लावत चालली होती आणि ओळख पटायच्या आधीच एकमेकांना नमस्कार करत होती.

धुकं आम्हाला नवीन नाही. त्यासाठी आमच्याकडे रांग असते. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत, चुन्याच्या रेषेबाहेर, दहा-दहा पावलांवर माणूस उभा राहतो. पहिल्याला दिसतं ते तो दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला आणि बातमी मधल्या बाकांपर्यंत येते. येईपर्यंत ती थोडी सुधारते. मधे फाउस्तो उभा असला तर जरा जास्तच सुधारते. "चेंडू बाहेर" हे फाउस्तोकडून "त्यांचा बचाववाला रडतोय" होऊन आलेलं मी स्वतः ऐकलंय. कुणी रागावत नाही. थंडीत दोन तास उभं राहायचं, तर माणसाला काहीतरी चांगलं ऐकायला मिळालंच पाहिजे.

मी फाउस्तोला बाजूला घेतलं. "आज मध्यंतरानंतर लंबूने गोलकडे काहीही मारलं, तरी तुझ्याकडून पुढे 'गोल' असंच आलं पाहिजे."

"आणि नाही गेला तर?"

"नाही गेला हे कुणाला दिसणार आहे?"

"पंचाला."

"पंच काय म्हाताऱ्याच्या मांडीवर बसणार आहे?"

फाउस्तोला असली कामं आवडतात. पाच मिनिटांत सगळ्या गावाला कानोकानी कळलं. मला वाटलं, काय डोकं चालवलं मी.

खरं तर तो सामना व्हायलाच नको होता. एका गोलपाशी उभं राहून दुसरा दिसत नसेल, तर पंचाने सामना थांबवायचा, असा नियम. पण पंच दुरून आला होता, त्याला दुसऱ्यांदा यायचं नव्हतं. तो म्हणाला, दिसतोय. आम्हीही म्हणालो, दिसतोय. पाहुणा संघ तेवढा कुरकुरला.

मी म्हाताऱ्याला अध्यक्षांशेजारी पहिल्या बाकावर बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी घातली. समोर पांढरं. त्यातून कधी एक पाय यायचा, कधी चेंडू एकटाच यायचा, कुणी न मारल्यासारखा, आणि परत जायचा. आवाज मात्र सगळे जवळचे. कुणाचा तरी श्वास, चामड्यावर चामडं आपटल्याचा दणका, लांबून हाका. "चेंडू आपल्याकडे... आपल्याकडे... लंबूकडे..." मला गंमत वाटायला लागली. आपण सगळे झोपलोय आणि एकच स्वप्न बघतोय, असं काहीतरी. म्हातारा ताठ बसून ऐकत होता. भाषा कळत नव्हती, पण "लंबू" आलं की त्याची मान वळायची.

मध्यंतर संपून खेळ सुरू झाला आणि मी त्याच्यासाठी गरम दारू आणायला उठलो. चाळीस पावलं गेलो असेन. परत येतोय, तोच रांगेतून आलं, "गोल!" आणि सगळं मैदान उसळलं. काय ओरडले लोक. टोप्या धुक्यात गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. अनोळखी माणसाने मला मिठी मारली, दारू माझ्या कोटावर सांडली. मीसुद्धा ओरडलो. मला माहीत होतं खोटं आहे, तरी ओरडलो, इतकं ते खरं वाटलं. बाकापाशी आलो, तर घोंगडी होती आणि म्हातारा नव्हता.

"कुठे गेले?" मी अध्यक्षांना विचारलं.

"कोण? अरे, आत्ता तर इथे होते."

 मी रांगेच्या कडेने त्यांना हाका मारत निघालो. दहा मिनिटांनी पंचाने शिट्टी वाजवली. आता त्याला स्वतःचे हातसुद्धा दिसेनात म्हणे. सामना रद्द. म्हणजे खरा गोल झाला असता, तरी तो पुसला गेला असता.

यालमार मला खेळाडूंच्या दाराशी भेटला. चेहरा पांढराफटक.

"एर्मेते, बाबा गोलच्या मागे उभे होते. जाळ्याच्या मागे. मी मारायला पाय उचलला आणि धुक्यातून त्यांचं तोंड पुढे आलं. चेंडू बाहेर गेला. दोन हात बाहेर. त्यांच्या पायाशी जाऊन पडला. आणि मग सगळे गोल म्हणून ओरडायला लागले. का ओरडले?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, मारेल. त्याचा हक्कच होता. तो म्हणाला, "असू दे." ते 'असू दे' मला थोबाडीत मारल्यापेक्षा लागलं. एवढ्या लांबून आलेल्या बापासमोर आम्ही पोराला खोटारड्या गावाचं खेळणं करून ठेवलं होतं.

म्हातारा घरी आधीच पोचला होता. भिंतीला हात लावत, विचारत. जेवला आणि झोपायला गेला. सोमवारी सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. यालमारची पेटी माझ्या हातात. गाडी आली तशी म्हाताऱ्याने खिशातून दोन तिकिटं काढली. एक परत खिशात घातलं. दुसरं हातात धरून डब्यात चढला. माझ्या हातातल्या पेटीकडे बघून मान हलवली, नाही अशी. पोराला एवढंच म्हणाला, "बरं."

गाडी गेली. यालमार तिथेच उभा. "बाबांनी मला ठेवलं की टाकलं?" त्याने विचारलं. मला काय ठाऊक? टाकलं, असंच मला वाटलं आणि ते माझ्यामुळे, असंही वाटलं. त्यानंतर सात सामने त्याचा एक गोल झाला नाही. रविवारची पत्रं चालूच राहिली, उत्तर नाहीच. मी देल्मिनाशीही त्यावर बोलत नव्हतो. गोल पुन्हा व्हायला लागले, पण गाव ओरडलं की तो खाली मान घालायचा.

पंचावन्नच्या एप्रिलात तार आली. बाप गेला. यालमार गेला आणि बारा दिवसांनी परतला. सरळ दुकानात येऊन स्टुलावर बसला. मी हातातला बूट सोडला नाही. सोडला असता तर हात कुठे ठेवायचे कळलं नसतं.

"दफनानंतर गिरणीतली माणसं माझ्याभोवती जमली," तो म्हणाला. "मला वाटलं, आता ऐकवणार. तर मुकादम म्हणाला, तो धुक्यातला गोल तूच मारलास ना? आम्हाला पाठ आहे तो. दीड वर्ष रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकलाय. ईसाक सांगायचा, मी जाळ्यामागे तीन हातांवर उभा होतो, चेंडू आला तो असा आला की जाळं माझ्या नाकाला लागलं. आणि सगळं गाव माझ्या पोरासाठी ओरडलं. सगळं गाव."

मी बुटाला आणखी एक खिळा ठोकला, नको तिथे. 

"त्यांच्यात एक वाद होता," यालमार म्हणाला. "कुणी म्हणे ईसाकने डावा पाय सांगितला होता, कुणी म्हणे उजवा. मग मलाच विचारलं."

"मग?"

"डावा, म्हटलं."