रंगवलेल्या गाडीचा भाव

मामाचा नातू हल्ली मला फोनवर जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारचे भाव दाखवतो. मूळ रंग असला तर एवढे, इंजिनाचा नंबर जुळला तर आणखी एवढे, नाही जुळला तर गाडी मातीमोल. शौकीन लोक तिथे एका आरशावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. मग तो हळूच विचारतो, "आत्या, आपल्या गाडीचे किती आले असते?" मी सांगते, आमच्या गाडीला आम्ही लोखंडी दाराला देतात तो लाल रंग दिला होता, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचा संत्र्याचा बगीचा रामाकोन्याला, घर सौंसरला आणि घरात माणसं दोन, बाबा आणि मी. आई मी चौथीत असताना गेली. गाडी आली त्या वर्षी बहार चांगला उतरला होता. बाबा माल घेऊन नागपूरला गेले, तर तिथल्या एका कारखान्यातला जर्मन इंजिनिअर मायदेशी परत निघालेला. त्याची राखाडी, ठेंगणी, दोनच सीटांची गाडी तो येईल त्या किमतीत काढत होता. बाबा जाताना ट्रकमध्ये बसून गेले आणि येताना ती गाडी चालवत आले.

सौंसरने तोंडात बोटं घातली आणि ती काढल्याबरोबर नावं ठेवायला सुरुवात केली. एवढ्यात तर ट्रॅक्टर आला असता. हिच्यात खताचं पोतं ठेवायचं कुठं? पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही, ते मागे. हे कसलं वाहन? बाबा शांतपणे म्हणायचे, "आमी घरात दोघंच त आहो. दोघाले दोन सीटा. अजून काय पायजे?"

त्यांनी मला रामाकोन्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. क्लच सोडताना माझी चूक झाली की ते ओरडत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत. पुढे मला पांढुर्ण्याच्या शाळेत नोकरी लागली. एरवी मी बसने जायची, पण शनिवारी सकाळच्या शाळेला गाडी घेऊन जायची. रस्त्यात पोरं मागे पळायची आणि मोठी माणसं तोंड फिरवायची. मला दोन्ही आवडायचं.

मग मामाने पांढुर्ण्याचं स्थळ आणलं. कापसाचा व्यापार, मुलगा शिकलेला. त्या लोकांनी मला बघितलं, माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला, होकार कळवला आणि मागोमाग यादी पाठवली. त्यात सोनं होतं, स्कूटर होती आणि एक निरोप तोंडी होता. लग्नानंतर मुलीचं मोटार चालवणं बंद.

मामा म्हणाला, "भाऊजी, गाडी इकून टाका. लगनाचा खर्च बी निंगते अन् पोरीचं ते खूळ बी जाते."

तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "इकून टाकू."

"मले नाही करायचं ते लगन," मी म्हटलं.

"तुयी माय नाही. लोकं मले बोल लावतीन का बापानं गाडीपायी पोरगी घरात ठेवली."

मी त्या रात्री जेवले नाही. मला राग लोकांचा नव्हता, बाबांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा ते लोकांना घाबरले होते, आणि तेही माझ्यामुळे.

मामाने पेपरात जाहिरात दिली. मुंबईच्या एका शौकिनाचं पत्र आलं की तो अशा गाड्या जमवतो आणि बघायला येतो. किती देईल तो आकडाही लिहिला होता. आता आमच्याकडची रीत अशी की बैल बाजारात न्यायचा तर आधी त्याला धुवायचं, शिंगं तासून रंगवायची. न रंगवलेला बैल बाजारात उभा करणं म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. बाबांनी तेच केलं. राखाडी रंग जागोजागी उडाला होता. त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि दोन दिवस उकिडवं बसून स्वतः ब्रशने रंगाचे दोन हात दिले. विकायचं मनात नसलेल्या माणसाने इतका जीव लावून केलेलं दुसरं काम मी पाहिलं नाही.

शौकीन नागपूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने सौंसरला आला. अंगणात अर्धी गल्ली जमली होती. त्याने लांबून गाडी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"काका, हे काय केलंत तुम्ही? मूळ रंग होता, तोच तर हवा असतो! उडालेला असला तरी चालतो."

त्याने नखाने रंग खरवडून बघितला. मागचं झाकण उघडून म्हणाला, कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा आहे. आरसा मूळचा नाही. दार वाजवलं, सीट दाबली, वाकून खालून बघितलं. ते सगळं मी ओळखत होते. महिन्यापूर्वी मलाही असंच फिरवून बघितलं होतं.

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला आणि हात त्याच्यापुढे केला. बाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे चारचौघांत कुणाची लाज जात नाही. त्या माणसाला ते कळलं नाही. त्याने दुपट्ट्यासकट तो हात हातात घेऊन हलवला आणि भाव तोंडाने सांगून टाकला, पत्रात लिहिला होता त्याच्या निम्मा. "रंगवून तुम्ही किंमत मारलीत, काका," असंही वर म्हणाला. गल्लीतलं कुणीतरी फिसकन हसलं. बाबा दुपट्ट्याची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गाडी विकायची नाही. माझ्या बापाने तुमचा मान ठेवायला ती रंगवली. तुम्हाला तो मान खरवडून काढायचा असेल, तर दुसऱ्याच्या अंगणात जा."

"काय बोलून राहिली तू?" मामा पुढे आला. "तुले कोनं विचारलं?"

शौकीन हुशार होता. गाडी हातची जाते म्हटल्यावर त्याने भाव वाढवला. मग पुन्हा वाढवला, पत्रातल्या आकड्याच्याही वर. एवढ्यात सोनं, स्कूटर, मांडव, सगळं बसत होतं. मामाने बाबांचा दंड धरला. "हो म्हणा, भाऊजी. पोरीकडं पाहू नका."

बाबांनी माझ्याकडेच पाहिलं. मग त्या माणसाला म्हणाले, "गाडी तिची आहे. तिले विचारा."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"अन् लगन?" मामा ओरडला. "पांढुर्ण्यावाल्याइले काय सांगू मी?"

बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "ते बी तिलेच विचार."