पूजेनंतरची चिंधी

वर्षिणीसाठी टाइप केलेला माफीनामा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ अशी त्याची सुरुवात होती. निष्काळजीपणा, आणि कुणाचा? घरी जाताना तीनतीनदा कुलूप ओढून बघणाऱ्या मुलीचा!

शहराच्या नजरबाद भागात आमचं अठरा माणसांचं ऑफिस आहे. शर्टाच्या कारखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम करतो. कापड कुठे आणि किती कापायचं ते तो सांगतो. कारखान्याच्या ऑफिसात तो विंडोजवर चालतो आणि कापणीच्या टेबलापाशी लिनक्सवर. कोड एकच, पण दोन्हीकडे चालावा म्हणून तो आमच्या ऑफिसातल्या दोन वेगळ्या मशिनांवर बांधावा लागतो, म्हणजे चालवता येईल अशा रूपात तयार करावा लागतो. ते काम वर्षिणीचं. मी भानुमती, तिच्या शेजारी बसून विंडोजवरचा प्रोग्रॅम तपासते. लिनक्सवरचा तपासायला माणूस द्या म्हणून मी दोन वर्षं ओरडतेय. पण ऐकतो कोण?

वर्षिणीचे वडील संताजीराव अग्रहार भागात शिवणकाम करतात. त्यामुळे आमच्या इंजिनियरांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं. शिवणीसाठी कडेला जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. आमचा प्रोग्रॅम कॉलरला मायाच कमी सोडत होता. वर्षिणीने ते दसऱ्याआधी दुरुस्त केलं, दसरा झाल्यावर दोन्ही मशिनांवर बांधणी केली आणि प्रोग्रॅम कारखान्याकडे गेला. तिथे एकशे ऐंशी कॉलर कापल्या गेल्या, सगळ्या जुन्या, अपुऱ्या मायेच्या. विंडोजवर दुरुस्ती दिसत होती, लिनक्सवर तिचा पत्ता नव्हता.

आमचे मालक हयग्रीव सर. त्यांनी तासाभरात गिऱ्हाइकाला आणि आम्हा अठराही जणांना मेल पाठवली, ‘चूक वर्षिणीची’ म्हणून. विचारपूस नाही, काही नाही. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. शुक्रवारपर्यंत माफीनाम्यावर सही कर, नाहीतर घरी बस, असं तिला सांगितलं. सही केली असती तर तो कागद जन्मभर तिच्या फाइलीत राहिला असता.

नाही म्हणायला सरांनी सगळ्यांना एकदा विचारलं, “लिनक्सच्या मशिनला कोणी हात लावला होता का?” सगळे नाही म्हणाले. मीही म्हणाले, मान ताठ ठेवून.

वर्षिणीने सहा दिवस कागदावर छापून घेतलेल्या सेटिंग्जची ओळन् ओळ वाचली. दोन्ही मशिनांवरचे फाइलींचे पत्ते ताडून पाहिले, बांधणीच्या नोंदी उलटसुलट चाळल्या. कुठेही लाल खूण नाही, सगळं हिरवं. जुनं सगळं पुसून नव्याने बांधू द्या, असं ती म्हणाली, तर सरांचं उत्तर काय? “त्या मशिनला आता तू हात लावायचा नाही.” म्हणजे हातपाय बांधून पोहायला सांगायचं, आणि बुडाली की म्हणायचं, हिला पोहताच येत नाही!

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी गेले. मुलगी जेवत नव्हती, मला धीर निघेना. संताजीरावांचं शिलाई मशीन दुरुस्त होऊन तेव्हाच आलं होतं. एक तातडीचा ब्लाऊज शिवायचा पडला होता, तरी ते आधी एका चिंधीवरच टीप मारत बसले.

“अप्पा, ते सोडा की. ब्लाऊजच घ्या ना,” वर्षिणी वैतागून म्हणाली.

“अय्यो, असं कसं? मशीन बंद होतं, अल्वा, हो की नाही? आयुधपूजेनंतर पण मी हेच करतो की. मशिनाला एक दिवस सुट्टी दिली, मग पहिली शिवण चिंधीवर. सुम्ने, उगीच आपली गिऱ्हाइकाच्या कापडात सुई घालायची नाही.”

वर्षिणी माझ्याकडे वळली. “भानक्का, आपल्या आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लिनक्सचं मशीन बंद केलं होतं?”

“हो, या वर्षी पहिल्यांदाच. सर म्हणाले, औजारांना विश्रांती हवी. मीच बंद केलं, हळदकुंकू लावलं, हार घातला. दुसऱ्या दिवशी मीच चालू केलं.”

“तुम्ही तर हात लावला नाही म्हणालात.”

“अगं, ती पूजा होती!”

म्हणाले आणि माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. पूजा म्हणजे हात लावणं नाही, असं अठरा शिकलेल्या माणसांनी धरून चाललं होतं. आणि त्यात पहिली मी.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी सरांच्या केबिनमध्ये उभ्या राहिलो. मी म्हटलं, पाच मिनिटं मशीन द्या, नाहीतर माझाही राजीनामा घ्या. वर्षिणीने त्या मशिनवर दोन ओळींचा प्रोग्रॅम चालवला. तिची चिंधी. त्याने फक्त आजची तारीख छापली, आणि ती निघाली १४ जानेवारी २०१६!

मशिनच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती. कित्येक वर्षं मशीन बंदच झालं नव्हतं, म्हणून ते कळलं नाही. गिऱ्हाइकाच्या अटीमुळे त्याला इंटरनेटही नाही, तारीख सुधारणार कोण? पूजेला बंद झालं आणि घड्याळ मागे गेलं. वर्षिणीची दुरुस्ती त्या मशिनवर उतरली ती २०१६ ची तारीख लेवून. बांधणी करणारा प्रोग्रॅम तारखेवरून नवं-जुनं ठरवतो. त्याने ती फाइल जुनी धरली आणि आधीचाच बांधलेला भाग पुढे ढकलला. नोंदींत तास-मिनिटं होती, वर्ष नव्हतं.

सरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “ठीक आहे, सापडलं ना? आता सही करून टाक, फाइल बंद करू. फॉर्मॅलिटी आहे.”

फॉर्मॅलिटी! वर्षिणीने माफीनामा उचलला, आपलं नाव खोडलं आणि कागद पेनासकट माझ्यासमोर ठेवला. मशीन मीच बंद केलं होतं आणि हात लावला नाही म्हणून सांगितलंही मीच होतं. मला वाईट वाटलं, पण तिचं चुकलं असं वाटलं नाही.

‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांखाली मी सही केली. कागदाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला आणि अठराही जणांना पाठवला, सरांची मेल गेली होती त्याच पत्त्यांवर. माझ्या सहीखाली मी हयग्रीव सरांचं नाव लिहून त्यांच्या सहीसाठी जागा सोडली आहे. रोज सकाळी कागद त्यांच्या टेबलावर ठेवते. संध्याकाळी तो तसाच परत आणते.